उंबरठ्यावरची तपासणी

(अकोले येथे कार्यकर्ते व कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवरेच्या काठी वसलेले अकोले अगस्ती ऋषींच्या नावाने पुनीत झालेले आहे. महाशिवरात्रीला अगस्ती आश्रमात दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबात इल्वल आणि वातापी यांची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इल्वल अतिथीला सन्मानाने घरी बोलावी, मेंढ्याचे रूप घेतलेल्या वातापीला रांधून वाढी आणि भोजन झाले की भावाला हाक मारी. अतिथीचे पोट फाडून वातापी बाहेर येई. अनेकांचा असा घात झाल्यावर अगस्ती तेथे आले. समोर काय वाढले आहे हे त्यांनी ओळखले आणि इल्वलाने हाक मारण्यापूर्वीच वातापी जिरवून टाकला.

आजच्या विषयाचे मर्म या कथेत आहे. माणसाच्या पोटात निमूट राहणारा, कसलेही लक्षण न दाखवणारा आणि शरीर दुबळे झाले की हाकेसरशी उठणारा शत्रू आज आपल्या रुग्णालयांतून वावरतो आहे. त्याचे नाव औषधांना न जुमानणारे जंतू. अगस्तींनी तो आधी ओळखला म्हणून ते वाचले. आपण ओळखतो का, हा प्रश्न आहे.

शत्रूचे स्वरूप

प्रत्येकाच्या आतड्यात असंख्य जंतू नांदत असतात. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे त्यांतलेच. एरवी ते निरुपद्रवी असतात. मात्र रुग्णाला लघवीची नळी घातली, मध्यवर्ती शिरेत सुई राहिली, श्वासासाठी यंत्र लावावे लागले किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली, तर हेच जंतू रक्तात, फुप्फुसात अथवा जखमेत उतरतात. इल्वलाची हाक ती हीच. अशा वेळी डॉक्टर प्रतिजैविके देतात. साधी प्रतिजैविके हरली, तर अखेरच्या फळीतील म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातील औषधे वापरली जातात. मेरोपेनेम हे त्यातले परिचित नाव.

काही जंतूंनी या अखेरच्या फळीवरही मात केली आहे. ते असे विकर तयार करतात, की औषधाच्या रेणूतील ज्या कड्यावर त्याची मारकशक्ती अवलंबून असते ते कडेच तुटते. हे विकर घडविण्याची आज्ञा ज्या जनुकात असते, ते जनुक एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही सहज जाते. म्हणजे शत्रू वाढतो आणि शेजाऱ्यालाही शस्त्र देतो. मग डॉक्टरांच्या हाती कोलिस्टिनसारखे औषध उरते. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून कधीकाळी बाजूला ठेवलेले हे औषध आज नाइलाजाने परत आणावे लागले आहे.

हा प्रश्न किती मोठा आहे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधरोधक जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद देशातील मोठ्या रुग्णालयांतून जंतूंचे नमुने गोळा करून दरवर्षी अहवाल देते. त्यानुसार इमिपेनेम या कार्बापेनेम गटातील औषधाला दाद देणाऱ्या क्लेब्सिएला जंतूंचे प्रमाण २०१७ साली सुमारे ५८ टक्के होते. २०२३ साली ते सुमारे ३६ टक्क्यांवर आले. हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे आहेत, गावातल्या निरोगी माणसाचे नाहीत. पण अकोल्याचा रुग्ण गंभीर झाला की त्याच मोठ्या रुग्णालयांच्या वाटेला लागतो, हे विसरता येत नाही.

नावाचा वाद आणि आत्मपरीक्षण

या विषयाला आपल्या राष्ट्रीय स्वाभिमानाशी जोडलेला एक प्रसंग आहे. स्वीडनमध्ये राहणारा भारतीय वंशाचा एक रुग्ण २००७ च्या अखेरीस भारतात आला असता आजारी पडला. नवी दिल्लीच्या एका रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २००८ मध्ये तो स्वीडनला परतल्यावर त्याच्या लघवीत कार्बापेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. त्या जंतूतील नव्या विकराला संशोधकांनी ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे संक्षेपाने ‘एनडीएम-१’ असे नाव दिले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये भारत, पाकिस्तान व ब्रिटन येथील नमुन्यांवरचा लेख आला. भारतात जाऊन शस्त्रक्रिया करून घेण्याविषयी त्यात धोक्याचा इशारा होता.

देशात संतापाची लाट उसळली. भारतातील दर्जेदार आणि स्वस्त उपचारांकडे वळणारे विदेशी रुग्ण रोखण्याचा हा डाव आहे, असे म्हटले गेले. राजधानीचे नाव जंतूला का, हा प्रश्न रास्तच होता. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी या नामकरणाबद्दल क्षमा मागितली. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत असे मार्गदर्शन केले. इटलीतील व्हेरोना आणि ब्राझीलमधील साव पावलो या नगरांची नावेही अशा विकरांना पूर्वी दिली गेली होती, तर अमेरिकेत प्रथम सापडलेले विकर मात्र जंतूच्या नावाने ‘केपीसी’ म्हणून ओळखले जाते. या विसंगतीवर बोट ठेवणे चूक नव्हते.

परंतु स्वाभिमानी समाजाने आरशाकडेही पाहिले पाहिजे. ‘लॅन्सेट’च्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. पायल देशपांडे, डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमरोधक असे २४ जंतू मिळाले आणि त्यांतील २२ जंतूंत एनडीएम-१ होते. हे काम मुंबईतल्या डॉक्टरांनी, मुंबईतल्या रुग्णांवर, भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. सावधगिरीची घंटा आपल्याच माणसांनी वाजवली होती. ती आपण ऐकली नाही, आणि तीच बाहेरून वाजल्यावर संतापलो. नाव बदलले असते तरी जंतू बदलला नसता.

या अपमानाला खरे उत्तर एकच असू शकते. भारतीय रुग्णालयातून आलेल्या रुग्णाला विदेशात संशयाने पाहिले जाऊ नये असे वाटत असेल, तर त्या रुग्णाची काळजीपूर्वक तपासणी आपल्याच रुग्णालयाच्या उंबरठ्यावर झाली पाहिजे.

तपासणी म्हणजे काय?

ही तपासणी अवघड नाही. २०२० च्या साथीनंतर ‘स्वॅब’ हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. येथेही कापसाची काडीच वापरली जाते. आतड्यातील जंतूंसाठी ती गुदद्वाराशी फिरवून घेतात, त्वचेवर व नाकात राहणाऱ्या औषधरोधक स्टॅफिलोकॉकससाठी नाकातून घेतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यास एक-दोन दिवस लागतात. जनुक शोधणाऱ्या यंत्राने उत्तर काही तासांत मिळते, पण त्याचा खर्च अधिक असतो.

तपासणीत जंतू सापडलेली व्यक्ती आजारी असतेच असे नाही. ती केवळ वाहक असते. तिला त्यासाठी प्रतिजैविके देण्याचे कारण नाही, उलट त्यांनी हानीच होईल. मग उपयोग काय? उपयोग शेजारच्या खाटेवरील रुग्णाला असतो. हे जंतू प्रामुख्याने हातांवरून, खाटेच्या कठड्यावरून, मलपात्रावरून आणि रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावरून प्रवास करतात. वाहक कोण हे कळले की त्याची खाट वेगळी ठेवता येते, त्याच्यासाठी वेगळी साधने राखता येतात आणि त्याला हात लावताना परिचारिका हातमोजे व झगा घालते.

ब्रिटनने २०१३ साली मार्गदर्शिका काढली. आधीच्या बारा महिन्यांत विदेशातील रुग्णालयात राहून आलेल्या रुग्णाला दाखल होताना वेगळे ठेवून त्याची तपासणी करावी, असे तिने सांगितले. नेदरलँड्सने स्टॅफिलोकॉकसबाबत हे धोरण कितीतरी आधीपासून कठोरपणे पाळले आहे. भारतातून गेलेल्या रुग्णाला तेथे वेगळ्या खोलीत ठेवतात तो या नियमामुळे. अन्य देशांतून आलेल्यांनाही तोच नियम लागू असतो.

इस्रायलचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००६ साली तेथील रुग्णालयांत कार्बापेनेमरोधक क्लेब्सिएलाचा उद्रेक झाला. मार्च २००७ पर्यंत २७ रुग्णालयांतील १,२७५ रुग्णांना त्याची बाधा झाली होती. प्रत्येक रुग्णालय आपापल्या परीने झगडत होते आणि हरत होते. तेव्हा त्या छोट्या राष्ट्राने हा राष्ट्रीय प्रश्न मानला. प्रत्येक वाहकाची नोंद कळविणे सक्तीचे झाले. वाहकांना स्वतंत्र ठेवून त्यांच्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमण्यात आल्या. एक केंद्रीय पथक रुग्णालयांना भेटी देऊन नियम पाळले जातात की नाही हे पाहू लागले. दर एक लाख रुग्ण-दिवसांमागे महिन्याला ५५.५ असलेले नव्या बाधितांचे प्रमाण मे २००८ पर्यंत ११.७ वर आले. यासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. शिस्त पुरली.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे वीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, दाखल होणाऱ्या सर्वांची स्टॅफिलोकॉकससाठी सरसकट तपासणी करूनही संसर्ग घटले नाहीत, असे २००८ साली दिसून आले. इंग्लंडनेही सर्वांच्या तपासणीची सक्ती काही वर्षे राबवून २०१४ साली ती जोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. नुसती काडी फिरवून जंतू थांबत नाही. तपासणीनंतर हात धुतले जातात की नाही, यावर सारे अवलंबून असते. शिवाय आपल्याकडे हा जंतू रुग्णालयाबाहेरही आहे. दिल्लीच्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ चे जनुक आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणून शौचालये, स्वच्छ पाणी आणि गटारांची व्यवस्था हाही या लढ्याचाच भाग ठरतो.

पुण्याच्या प्लेगचा धडा

तपासणी हा शब्द उच्चारताच महाराष्ट्राला १८९७ सालाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुण्यात प्लेग पसरला आणि रँडच्या हाताखालील गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या. देवघरे भ्रष्ट झाली, स्त्रियांची विटंबना झाली. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. ज्या उपायाने रोग थांबायचा, त्याच उपायाच्या भीतीने तो पसरण्यास वाट मिळाली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी त्या अपमानाचा सूड घेतला.

त्याच पुण्यात दुसरेही चित्र होते. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. हिंदू रुग्णांसाठी प्लेगचे रुग्णालय उघडण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आजार ओढवून घेतला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या माणसाने आपुलकीने केलेली तपासणी लोक स्वीकारतात, परक्याने दंडुक्याने केलेली तपासणी झुगारतात, हा त्या वर्षाचा धडा आहे.

आजही तो तितकाच खरा आहे. गुदद्वाराशी काडी फिरवायची म्हटली, तर डोंगरकपारीतील पाड्यावरून आलेली वृद्ध माता संकोचून जाईल. तिला पडदा हवा, तिच्या बोलीत चार शब्दांचा खुलासा हवा, तिची संमती हवी. खाटेवर ‘वाहक’ अशी पाटी लावून तिच्याकडे कोणी फिरकेनासे झाले, तर ती अस्पृश्यतेचीच नवी आवृत्ती होईल. ज्या समाजाने ते पाप एकदा केले, त्याने यापुढे अधिक सावध राहिले पाहिजे. जंतूला दूर ठेवायचे आहे, रुग्णाला नव्हे. त्याच्याजवळ जाताना हातमोजे घालायचे आणि निघताना हात धुवायचे, एवढाच फरक असावा. हातमोजे आहेत म्हणून त्याच्याजवळ बसणे, बोलणे, धीर देणे थांबता कामा नये.

अकोल्याची वाट

सह्याद्रीच्या कुशीतील हा तालुका रुग्णाच्या दृष्टीने लांब वाटेचा आहे. कळसूबाईच्या पायथ्याचा किंवा हरिश्चंद्रगडाच्या घेऱ्यातील रुग्ण आधी उपकेंद्रात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, पुढे राजूर किंवा अकोल्याला येतो. आजार बळावला की संगमनेर, लोणी, नाशिक, पुणे आणि कधी मुंबई. चार ठिकाणी त्याला चार वेगवेगळी प्रतिजैविके मिळालेली असतात. काही दिवस अतिदक्षता विभागात काढून तो परत येतो आणि पुन्हा ताप आला की जवळच्या रुग्णालयात दाखल होतो. त्याच्यासोबत कोणता जंतू आला आहे, हे त्या चिठ्ठीवर बहुधा नसते.

तेव्हा पहिली तपासणी प्रश्नाची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. ‘गेल्या वर्षभरात कोठे दाखल होता का? अतिदक्षता विभागात होता का? नळी घातली होती का? कोणती प्रतिजैविके झाली?’ हे चार प्रश्न दाखल करतानाच विचारले, तर काडीची तपासणी कोणाची करायची हे ठरविता येते. सर्वांची नको, जोखमीच्यांची करावी, आणि उत्तर येईपर्यंत तो रुग्ण वाहक आहे असे धरून काळजी घ्यावी. रुग्ण दुसरीकडे पाठविताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी: कोणता जंतू सापडला, किंवा तपासणी झाली नाही. त्या एका ओळीने पुढच्या रुग्णालयातील अनेक खाटा सुरक्षित राहतील.

‘आमच्याकडे खाटाच अपुऱ्या, स्वतंत्र खोली कोठून आणायची?’ हा प्रश्न डॉक्टर विचारतात आणि तो खोटा नाही. खोली नसेल तर कोपऱ्यातील खाट द्यावी. दोन वाहक असतील तर त्यांना शेजारी ठेवावे. त्यांच्यासाठी रक्तदाबाचा पट्टा आणि मलपात्र वेगळे ठेवावे. प्रत्येक खाटेशी हात निर्जंतुक करण्याच्या द्रावाची बाटली टांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने या द्रावाची कृती खुली ठेवली आहे: अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन आणि किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. २०२० च्या साथीत महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी असा द्राव मोठ्या प्रमाणावर तयार केला होता. अहिल्यानगर जिल्हा तर साखरेचाच जिल्हा आहे. स्वदेशीचा याहून सोपा धडा कोणता?

कुटुंबांनी काय करावे? रुग्णालयातून सुटीच्या वेळी मिळालेला प्रत्येक कागद एका पिशवीत जपून ठेवावा आणि पुढच्या डॉक्टरांसमोर न लपवता ठेवावा. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. भेटीला एकेकाने जावे. आत जाताना व बाहेर येताना हात धुवावेत. वाहक रुग्ण घरी आल्यावर त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी सर्वांनी साबणाने हात धुणे पुरेसे आहे. सर्दीला सुई-सलाईनचा आग्रह धरू नये. ज्या गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेषा असते, त्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नयेत, हे सरकार २०१६ पासून सांगत आहे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्यात परोपकार नाही.

कार्यकर्त्यांचे काम याहून पुढचे आहे. रुग्णासोबत तालुक्याबाहेर जाणे, त्याचे कागद सांभाळणे, नातेवाइकांना समजावणे हे आपण करीतच आलो आहोत. परळला नाना पालकर स्मृती समिती अनेक वर्षे बाहेरगावच्या रुग्णांची सोय करते आहे. १९८९ साली सुरू झालेले छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय याच सेवाभावातून उभे राहिले. त्या सेवेला आता या नव्या ज्ञानाची जोड हवी. पाड्यावर परतलेल्या वाहकाबद्दल कुजबुज सुरू झाली, तर त्याच्या ओसरीवर जाऊन चहा घेणारा पहिला माणूस कार्यकर्ता असला पाहिजे. रुग्णालयात गेल्यावर ‘येथे संसर्ग नियंत्रणाचे काम कोण पाहते?’ हे नम्रपणे विचारणाराही तोच असला पाहिजे. समाज विचारू लागला की व्यवस्था जागी होते.

केंद्र सरकारची या विषयावरील पहिली राष्ट्रीय कृती योजना २०१७ साली आली आणि दुसरी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. संसर्ग नियंत्रणाची राष्ट्रीय मार्गदर्शिका २०२० पासून उपलब्ध आहे. कागद तयार आहेत. तो कागद अकोल्यातील खाटेपर्यंत आणण्याचे काम दिल्ली करू शकणार नाही. ते येथील डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी आणि नातेवाईक यांनाच करावे लागेल.

वातापीला जिरविण्याचे सामर्थ्य अगस्तींना तपाने लाभले होते. आपल्याजवळ तेवढे तप नाही आणि औषधांचे सामर्थ्यही दिवसेंदिवस क्षीण होते आहे. पण ओळखण्याची दृष्टी आणि हात धुण्याची शिस्त प्रत्येकाला साध्य आहे. पुढच्या वेळी घरातील कोणी रुग्णालयात दाखल होईल, तेव्हा कागदांची पिशवी सोबत न्यावी, विचारलेले खरे सांगावे आणि खाटेजवळ जाण्याआधी हात धुवावेत. शेजारच्या खाटेवर कोण आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, पण तोही आपलाच आहे.